सामाईक रेपोवर नाव कोणाचं लावायचं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी चढत असताना, मी तेव्हा ज्या प्रयोगशाळेचं काम बघायचो तिथं आम्ही तिघं तळमजल्यावरचे संगणक जिन्यानं वर नेत होतो. सर्व्हर उचलण्याआधी त्यावरचं विद्यार्थ्यांचं काम हाताला लागतील त्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. पूर ओसरला, चिखल निघाला, यंत्रं सुरू झाली, काम परत सर्व्हरवर चढवलं. एकही फाइल गेली नव्हती. तरीही गिट सांगत होतं की जवळजवळ प्रत्येक फाइल बदलली आहे.

उघडून पाहिलं तर एक अक्षरही इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. बदलला होता तो फाइलचा मोड: आधी १००६४४, आता १००७५५. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचे होते. त्या पद्धतीत फाइलचा मालक कोण, गट कोणता, ती कोणी वाचायची, कोणी लिहायची, कोणी चालवायची हे नोंदवायला जागाच नाही. त्यामुळे परत वाचताना लिनक्सनं सरसकट सगळ्या फाइली 'चालवता येण्याजोग्या' धरल्या. दुसरा घोळ याहून मोठा होता. सामाईक रेपोतल्या सगळ्या फोल्डरांचा मालक आता मी झालो होतो, कारण परत चढवणारा मी होतो. विद्यार्थ्यांच्या गटाचं नाव पुसलं गेलं होतं. मुलं आली आणि कोणाचंच पुश होईना. घाईत मी सगळ्या रेपोवर ७७७ लावलं, म्हणजे कोणालाही वाचायची, लिहायची, चालवायची मोकळीक. पुश सुरू झालं, मुलं कामाला लागली. ती चूक होती, आणि ती कशी चूक होती हे नीट उमगायला मला पुढची दोन वर्षं लागली.

हा लेख त्या दोन वर्षांतल्या आणि नंतरच्या शिकण्याचा आढावा आहे. आमच्या पट्ट्यात त्याची गरज आहे. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० चं, साखराळ्याची राजारामबापू इन्स्टिट्यूट आणि साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी ही दोन्ही १९८३ ची. वालचंदमध्ये तर विद्यार्थ्यांचा स्वतःचा लिनक्स गट आहे. इथली मुलं चार-चारच्या गटानं शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करतात आणि बहुतेकांना आयुष्यातला पहिला सामाईक रेपो तेव्हाच भेटतो. 'परमिशन डिनाइड' ही अक्षरंही तेव्हाच पहिल्यांदा दिसतात, आणि त्यावर मिळणारं उत्तर बहुधा मी दिलं तेच असतं.

घोळ होतो, कारण 'परमिशन' या एकाच शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी बोलतो. एक, रेपोचा इतिहास फाइलच्या परवानगीबद्दल काय लक्षात ठेवतो. दोन, ज्या डिस्कवर रेपो पडलेला आहे ती डिस्क कोणाला हात लावू देते. तीन, गटानं ठरवलेलं असतं की कोणी कुठं काय लिहायचं. पहिली गोष्ट गिटची, दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमची, तिसरी माणसांची. तिसरीचं उत्तर दुसरीत शोधलं की ७७७ जन्माला येतं.

इतिहासाच्या लक्षात काय राहतं

यातली पहिली गोष्ट सोपी, म्हणून ती लवकर संपवतो. साध्या फाइलबद्दल गिट फक्त एक गोष्ट लक्षात ठेवतं: ती चालवता येते की नाही. १००६४४ म्हणजे साधी, १००७५५ म्हणजे चालवता येणारी. मालक नाही, गट नाही, कोणाला वाचता येते तेही नाही. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्सनं गिट लिहायला घेतलं तेव्हा सुरुवातीला परवानग्यांचे सगळे आकडे इतिहासात जात होते. पण मग एकाच्या यंत्रावर फाइल ६६४ आणि दुसऱ्याच्या यंत्रावर तीच फाइल ६४४, एवढ्यावरून दोघांचे इतिहास भांडायला लागत. लवकरच ते सोडून फक्त 'चालवण्याचा' बिट ठेवला गेला. माझ्या मते हा गिटमधल्या शहाण्या निर्णयांपैकी एक आहे. माझ्या यंत्रावर माझा गट कोणता, याच्याशी शिराळ्यात बसलेल्या सहकाऱ्याला काय करायचं?

पण त्याचे परिणाम माहीत असायला हवेत. विंडोजवर हा बिट नसतो. अँड्रॉइडचा प्रकल्प विंडोजवर करून मुलं तो वर चढवतात, आणि लिनक्सच्या सर्व्हरवर 'ग्रेडल-डब्ल्यू' नावाची स्क्रिप्ट 'परमिशन डिनाइड' म्हणून थांबते. प्रोग्राम बरोबर असतो, पण इतिहासात तो बिट कधी नोंदलेलाच नसतो. 'गिट अ‍ॅड' करताना चालवण्याचा बिट स्पष्ट सांगता येतो, विंडोजवर बसूनसुद्धा. ते एकदा केलं की पुन्हा कोणाला त्रास नाही. उलट पेनड्राइव्हसारखा प्रसंग आला तर गिटला 'फाइलमोड'कडे लक्ष देऊ नकोस असं त्या एका यंत्रापुरतं सांगता येतं. ही सवलत मात्र औषधासारखी वापरावी. कायम चालू ठेवली तर खरोखर बिट बदलायचा असतो तेव्हा गिट गप्प बसतं.

आणखी एक. एसएसएचची खासगी किल्ली ६०० असावी लागते, गटाला ती वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. गिटमधून आलेली किल्ली ६४४ होऊन येते, कारण ६०० लक्षात ठेवायला गिटकडे जागा नाही. पण मुळात किल्ली रेपोत आली तिथंच खरी गडबड झालेली असते. नंतर परवानगी कितीही आवळली तरी जुन्या कमिटमध्ये ती राहते. अशी किल्ली बदलूनच टाकावी लागते.

डिस्क काय म्हणते

खरी डोकेदुखी इथं आहे. एका लिनक्स यंत्रावर पाच विद्यार्थ्यांची पाच खाती, आणि एका फोल्डरमध्ये सामाईक रेपो. साधी मांडणी. पहिल्या दिवशी चालते, दुसऱ्या दिवशी चालते, तिसऱ्या दिवशी एकीचं पुश अडतं: 'इनसफिशंट परमिशन फॉर अ‍ॅडिंग अ‍ॅन ऑब्जेक्ट'. ती पुन्हा प्रयत्न करते, अडतं. फाइलमध्ये एक ओळ बदलून पुन्हा कमिट करते, आणि जातं! मग सगळे म्हणतात, नेटवर्कचा काहीतरी घोळ असेल.

नेटवर्कचा घोळ नसतो, आणि हा भाग सावकाश समजून घेण्यासारखा आहे. गिट प्रत्येक फाइल, प्रत्येक फोल्डरची यादी, प्रत्येक कमिट यांचा एक लांबलचक ठसा काढतं आणि त्या ठशाच्या पहिल्या दोन अक्षरांच्या नावाचा उपफोल्डर करून त्यात ती वस्तू ठेवतं. असे जास्तीत जास्त २५६ उपफोल्डर होतात. ते आधीपासून तयार नसतात, ज्याला पहिल्यांदा लागतो त्याच्या पुशमधून तो तयार होतो. आता ज्यानं तो तयार केला त्याचा यूमास्क (नव्या फाइलींवर कोणते हक्क द्यायचे नाहीत ते सांगणारा आकडा) ०२२ असेल, तर त्या उपफोल्डरमध्ये फक्त तोच लिहू शकतो, गटाला तिथं नुसतं वाचता येतं. पुढच्या माणसाच्या वस्तूचा ठसा त्याच दोन अक्षरांनी सुरू झाला तर तो अडणार. दुसऱ्या अक्षरांनी सुरू झाला तर सुखरूप जाणार.

म्हणजे हा दोष लपंडाव खेळतो. हिशोब करून पाहा: २५६ पैकी १० उपफोल्डर असे एकाच्या नावावर अडकले आहेत, आणि दुसऱ्याच्या लहानशा कमिटमध्ये तीन नव्या वस्तू आहेत, एक फाइल, एक यादी, एक कमिट. ते अडण्याची शक्यता साधारण ११ टक्के येते. नवात एखादं पुश फसतं, बाकीची जातात. दिवसागणिक अडकलेले उपफोल्डर वाढतात आणि फसण्याचं प्रमाणही. एक ओळ बदलली की ठसाच बदलतो, म्हणून पुन्हा केलेलं कमिट जातं. तिथंच माणूस चुकीचा धडा शिकतो, की पुन्हा पुन्हा करत राहायचं. एका पुशमधल्या वस्तूंची संख्या १०० किंवा त्याहून जास्त असली तर गिट त्या सुट्या न ठेवता एकाच गाठोड्यात ठेवतं, त्यामुळे मोठं पुश जातं आणि लहान फसतं, असा उलटा अनुभवही येतो. हे सगळं न कळता मी किती तरी मुलांना 'पुन्हा करून बघ' म्हणून सांगितलं आहे.

यावरचा इलाज गिटमध्ये बऱ्याच वर्षांपासून आहे आणि दुर्दैवानं तो कमी शिकवला जातो. रेपो सुरू करतानाच त्याला 'शेअर्ड' म्हणून सांगायचं, गटासाठी. मग गिट स्वतःच्या फाइली बनवताना प्रत्येकाचा यूमास्क बाजूला ठेवतं आणि गटाला लिहिता येईल अशाच बनवतं. फोल्डरांवर सेट-जीआयडी नावाचा बिट बसतो, म्हणजे २७७५. त्यानं काय होतं, तर त्या फोल्डरमध्ये जन्मलेली प्रत्येक नवी फाइल बनवणाऱ्याच्या गटात न जाता फोल्डरच्या गटात जाते. मूल कोणाचंही असो, आडनाव घराचं लागतं. शिवाय असा रेपो मागचा इतिहास पुसून टाकणारं पुश आपोआप नाकारतो. याबद्दल पुढं बोलू.

बिघडलेला रेपो दुरुस्तही होतो. सगळ्याचा गट एक करायचा, फोल्डरांवर सेट-जीआयडी लावायचा, गटाला लिहिण्याचा हक्क द्यायचा आणि गिटच्या सेटिंगमध्ये 'शेअर्ड रिपॉझिटरी' गटासाठी चालू करायचं. हक्क देताना सीएचमॉडला लहान नव्हे तर मोठा 'एक्स' द्यावा. तो फक्त फोल्डरांना आणि आधीच चालणाऱ्या फाइलींना चालवण्याचा हक्क देतो, बाकीच्यांना हात लावत नाही. हा मोठा 'एक्स' मला त्या पुरानंतर माहीत असता तर अर्धं काम वाचलं असतं. दोन गोष्टींनी दुरुस्त केलेलं पुन्हा बिघडतं. 'शेअर्ड' हे सेटिंग चालू करायचं राहिलेलं असताना कोणीतरी सुडो लावून सामाईक रेपोत गिट चालवतो आणि काही फाइली रूटच्या नावावर जातात. किंवा बाहेर बनवलेला फोल्डर कोणी 'मूव्ह' करून आत आणतो. सेट-जीआयडी नव्यानं जन्मणाऱ्यांना लागू होतो, उचलून आणलेलं आपला जुना गट घेऊनच येतं. जिथं गट अनेक आहेत तिथं एसीएलचा, म्हणजे हक्कांच्या यादीचा, 'डिफॉल्ट' नियम लावणं अधिक भरवशाचं.

मग ७७७ नं काय बिघडतं? काम तर सुरू होतं. बिघडतं ते असं: त्या यंत्रावरचं कोणतंही खातं, गटातलं असो वा नसो, रेपोच्या हुकमध्ये स्वतःची स्क्रिप्ट ठेवू शकतं, आणि ती पुढच्या पुश करणाऱ्याच्या नावानं चालते. गिटच्या बाहेरून कोणीही इतिहासाच्या फाइली खोडू शकतो, आणि कोणी खोडल्या याची नोंद कुठंही राहत नाही. ही भीती कल्पनेतली नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये गिटनं याच कारणासाठी नियम कडक केले. दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरमधल्या रेपोत काम करायला गिट आता नकार देतं, 'डुबियस ओनरशिप' असा संदेश देतं, आणि तो फोल्डर सुरक्षित आहे असं तुम्ही स्वतः नोंदवेपर्यंत पुढं जात नाही. आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळांत सामाईक फोल्डर रात्रीतून बंद पडले ते यामुळे. त्यावर 'सगळेच फोल्डर सुरक्षित' अशी चांदणी टाकून मोकळं होणं हा ७७७ चाच पुढचा अवतार आहे. मी तो टाळायला सांगतो. ज्या फोल्डरचा प्रश्न आहे त्याच एका फोल्डरचं नाव लिहा.

पाळीपासून मर्जपर्यंत

गिटच्या आधीच्या आरसीएस, सीव्हीएस, सबव्हर्जन या प्रणाली यातून कशा गेल्या, हे थोडक्यात पाहायला हवं. खानापूर-तासगावकडे सामाईक विहीर ज्यांनी पाहिली आहे त्यांना आरसीएस लगेच कळेल. आज मोटर माझी, उद्या भावाची; ज्याची पाळी त्याचंच पाणी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉल्टर टिची यांनी पर्ड्यू विद्यापीठात केलेल्या आरसीएसमध्ये फाइल घेताना कुलूप लागायचं. कुलूप ज्याचं, लिहिणं त्याचं. परवानगीचा प्रश्न तिथं वेळेच्या वाटपाचा होता. पाळी चुकवून कोणी मोटर सुरू केली की भांडण, आणि पाळी असलेला माणूस गावाला गेला की सगळ्यांचं पीक वाळतं. कुलूप लावून सुट्टीवर गेलेले सहकारी त्या काळातल्या सगळ्यांनी अनुभवले आहेत.

सीव्हीएसनं कुलपाची सक्ती काढली, सगळ्यांना एकाच वेळी लिहू दिलं, नंतर जुळवायचं ठरवलं. पण त्याची गंमत अशी की नुसतं वाचणाऱ्यालाही रेपोच्या फोल्डरमध्ये एक छोटी कुलपाची फाइल बनवावी लागे, म्हणून वाचकालाही लिहिण्याचा हक्क द्यावा लागे. पुढं कुलपांसाठी वेगळा फोल्डर ठरवण्याची सोय आली. २००४ मध्ये स्थिर झालेल्या सबव्हर्जननं सुरुवातीला बर्कली डेटाबेस वापरला. त्याच्या नोंदींची एखादी फाइल एकाच्या यूमास्कनं बनली की दुसऱ्यासाठी अख्खा रेपो अडकून बसायचा. वर सांगितलेल्या २५६ उपफोल्डरांच्या दोषाचंच ते थोरलं भावंड. त्यावर प्रत्येक आज्ञेआधी यूमास्क ००२ करणारी छोटी स्क्रिप्ट ठेवणं हा तेव्हाचा घरगुती उपाय होता. नंतर साध्या फाइलींवर चालणारी साठवण आली आणि त्रास बराच ओसरला.

सबव्हर्जनकडे एक गोष्ट मात्र होती जी गिटकडे आजही नाही. तिथं एका रेपोच्या आत फोल्डरवार ठरवता येतं की कोण काय वाचेल. समजा एका विभागाचा रेपो आहे, त्यात प्रयोगांच्या पुस्तिका सगळ्यांसाठी आणि प्रश्नपत्रिकांचा फोल्डर फक्त दोन शिक्षकांसाठी. सबव्हर्जनमध्ये हे एका फाइलीत चार ओळींत होतं. गिटमध्ये रेपो ज्याला वाचता येतो त्याला तो सगळाच वाचता येतो, सगळ्या ब्रँच, सगळा इतिहास. प्रश्नपत्रिकांसाठी वेगळा रेपोच करावा लागतो. हे न कळल्यानं 'ती ब्रँच लपवून ठेवू' असा बेत करणारे शिक्षक मी पाहिले आहेत. तो बेत टिकत नाही. गिटमध्ये लिहिण्याचा हक्क बारीक वाटता येतो, वाचण्याचा नाही, हे आधीच मनाशी पक्कं करून रेपोंची विभागणी करावी.

तलाठी आणि मंडळ अधिकारी

आता तिसऱ्या गोष्टीकडे, माणसांच्या परवानगीकडे येतो. डिस्कवरचे गट आणि बिट कितीही नीट लावले तरी ते दोनच गोष्टी सांगू शकतात: हा लिहू शकतो, हा नाही. 'ती स्वतःच्या ब्रँचवर लिहू शकते पण मुख्य ब्रँचवर नाही' हे डिस्कला कळत नाही. आणि प्रत्येक विद्यार्थ्याला यंत्रावर खातं दिलं की रेपो सोडून बाकी यंत्रही त्याच्या हाताशी येतं.

याचा जगातला सर्वांत बोलका दाखला कर्नल डॉट ऑर्गचा आहे. लिनक्सच्या मुख्य सर्व्हरवर २०११ मध्ये घुसखोरी झाली. तेव्हा तिथं चारशेहून अधिक लोकांना थेट आत शिरायची खाती होती, मुख्यतः आपापले रेपो सांभाळण्यासाठी. एकाची किल्ली गेली की पूर्ण घर उघडं, अशी अवस्था. नंतर त्यांनी ती खाती काढली आणि रेपोंसाठी गिटोलाइट बसवलं. मला याचं विशेष वाटतं, कारण गिटोलाइट लिहिणारे सीताराम चामर्ती आपल्याच देशातले, हैदराबादचे. २००९ च्या सुमारास त्यांनी ते सुरू केलं, आणि जगातल्या सर्वांत महत्त्वाच्या सामाईक रेपोंच्या दारावर ते बसलं. आपल्या मुलांना हे नाव बहुधा माहीत नसतं.

गिटोलाइटची कल्पना एका वाक्यात: डिस्कला हात लावणारं खातं एकच, 'गिट' नावाचं, आणि माणसं सगळी दाराबाहेर. प्रत्येकाची एसएसएच किल्ली त्याच्या नावानं ठेवायची. दार ठोठावलं की किल्लीवरून माणूस ओळखला जातो, नियम तपासले जातात, आणि मग आतलं खातं त्याच्या वतीनं लिहितं. यूमास्क, सेट-जीआयडी, २५६ उपफोल्डर हा सगळा मागचा भाग इथं संपतो, कारण डिस्कवर मालक एकच असतो. आणि नियम कुठं लिहायचे? एका साध्या मजकुराच्या फाइलीत, जी स्वतःच एका गिट रेपोत असते. परवानगी बदलणं म्हणजे कमिट करणं. कोणी, कधी, कोणाला हक्क दिला, हे इतिहासात राहतं.

हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला मला सात-बारापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. कोरेगावच्या एखाद्या गावात जमीन विकली गेली तर घेणारा जाऊन ७/१२ वर आपलं नाव लिहीत नाही. तलाठीही थेट लिहीत नाही. आधी फेरफाराची नोंद होते, गाव नमुना ६ मध्ये. ज्यांचे हितसंबंध आहेत त्यांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली तर ती विवादग्रस्त नोंदवहीत जाते. नाही आली तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो, आणि मगच ७/१२ बदलतो. जुनं नाव पुसलं जात नाही, त्याला कंस होतो आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिच्या कलम १४९ आणि १५० मध्ये हा रस्ता आहे, आणि आता तो ई-फेरफारच्या पडद्यावर चालतो.

गिटोलाइटमध्ये नेमकं हेच बसवता येतं. विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाच्या ब्रँचांवर पूर्ण मोकळीक, हव्या तितक्या वेळा लिहा, पुसा. मुख्य ब्रँचवर लिहिण्याचा हक्क गटातल्या एकाला किंवा मार्गदर्शकाला. नोंद करणारा वेगळा, प्रमाणित करणारा वेगळा. आणि मागचं पुसायचा हक्क मुख्य ब्रँचवर कोणालाच नाही. फेरफार चुकला तर आदेशानं दुरुस्तीचा नवा फेरफार होतो, वहीचं पान फाडत नाहीत. तसंच कमिट चुकलं तर ते उलटवणारं नवं कमिट करायचं, इतिहास मागं सरकवणारं जबरदस्तीचं पुश करायचं नाही. सामाईक रेपो असं पुश आपोआप नाकारतो हे वर म्हटलं, त्याचं कारण हेच. मुलांना हे पटतं, कारण घरी कोणाचा ना कोणाचा फेरफार अडकलेला असतोच.

एक गोष्ट मात्र ७/१२ शी जुळत नाही आणि ती लपवू नये. गिटमध्ये कमिटवर जे नाव दिसतं ते लिहिणाऱ्यानं स्वतः टाकलेलं असतं. कोणीही कोणाचंही नाव टाकू शकतो. प्रकल्पाच्या मूल्यमापनात 'कोणी किती कमिट केलं' हे मोजून गुण देणाऱ्या शिक्षकांनी हे लक्षात घ्यावं. पुश कोणाच्या किल्लीनं झालं हे गिटोलाइटच्या नोंदीत कळतं, कमिटवरचं नाव हा पुरावा नाही. आणि ज्याच्याकडे त्या यंत्राचा रूट आहे त्याच्यापुढे यातला कोणताच नियम चालत नाही, म्हणून रूटचा पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवायची पद्धत आजच बंद करा.

गिटहब असताना हे कशाला

हा प्रश्न दरवेळी येतो आणि तो रास्त आहे. २०१९ पासून गिटहबवर खासगी रेपो फुकट मिळू लागले आणि २०२० मध्ये सहकाऱ्यांच्या संख्येवरची मर्यादाही गेली. त्यामुळे स्वतःचा सर्व्हर सांभाळायचं कारण बऱ्याच गटांना उरलेलं नाही. तिथं डिस्कचा प्रश्न तुमच्यापर्यंत येतच नाही. पण तिसरा प्रश्न तसाच राहतो. व्यक्तीच्या खात्यावरच्या रेपोत सहकारी जोडला की त्याला थेट लिहिण्याचा हक्क मिळतो, नुसता वाचण्याचा देता येत नाही. बारीक वाटणी हवी तर 'ऑर्गनायझेशन' करावी लागते. तिथं वाचणं, वर्गवारी, लिहिणं, देखभाल, प्रशासन अशा पायऱ्या आहेत. महाविद्यालयांनी आणि सांगली-मिरजेतल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांनी पहिल्या दिवशी ऑर्गनायझेशनच करावी, असं मी आग्रहानं सांगतो. एका मुलाच्या खात्यावर कंपनीचा रेपो असतो, तो मुलगा पुण्याला नोकरी धरतो, आणि मग सहा महिने फोन चालू राहतात.

तरीही एका जुन्या संगणकावर गिटोलाइट बसवून पाहावं, असं मला वाटतं. ते हलकं आहे, फारशी मेमरी मागत नाही, इंटरनेट नसलं तरी चालतं. त्याआधी एक आठवडा मुलांना खात्यांचा आणि गटांचा जुना रस्ताही चालवून बघू द्यावा. यूमास्क मुद्दाम चुकवायचा, पुश फसू द्यायचं, कोणता उपफोल्डर कोणाच्या नावावर अडकला आहे ते शोधायला लावायचं. ज्यानं तो उपफोल्डर स्वतः शोधून काढला तो पुन्हा ७७७ लावत नाही, हे मी पाहिलं आहे.

पुराची तयारीही आता आम्ही वेगळी करतो. पेनड्राइव्हवर फाइली सुट्या उतरवत नाही. प्रत्येक रेपोचं 'गिट बंडल' करतो, सगळा इतिहास एका फाइलीत, पेनड्राइव्ह कोणत्याही पद्धतीचा असला तरी आतल्या मोडना धक्का नाही. गिटबाहेरच्या गोष्टींसाठी टार, मालक आणि परवानग्यांसकट. हुक आणि सेटिंग बंडलमध्ये येत नाहीत, ती टारमध्ये जातात. २०२१ च्या जुलैत कृष्णा पुन्हा धोक्याच्या वर गेली तेव्हा हे पहिल्यांदा कामी आलं. यंत्रं वर नेली, खाली आणली, आणि परत चढवल्यावर गिटनं एकही फाइल बदलली म्हणून दाखवली नाही.

राहता राहिला तो जूनमधला अर्धा दिवस. शेवटच्या वर्षाची मुलं गेली की त्यांच्या किल्ल्या काढायच्या, मुख्य ब्रँचचा हक्क पुढच्या गटाला द्यायचा, आणि त्या कमिटच्या संदेशात लिहायचं की कोणाच्या जागी कोण आलं. आमच्या नियमांच्या रेपोत अशा नोंदी आता ओळीनं दिसतात, प्रत्येक जूनची एक. नवीन मुलगी आली आणि तिनं विचारलं की मुख्य ब्रँचवर माझ्याआधी कोण लिहायचं, तर ती यादी उघडून दाखवतो.